वाऱ्याची वही

रविवार, ३ तारीख

चि. छटाक हिस,

आशीर्वाद. ते किती, हे लिहीत नाही. मी आयुष्यात न मोजता दिलेली ही एकच गोष्ट आहे.

तुझं पत्र गुरुवारी आलं. सात महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकीट दुकानात फोडलं नाही. घरी आणलं, हात धुतले, चष्मा पुसला आणि मग फोडलं. उत्तर द्यायला फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि त्या 'हं'च्या पुढे मला काही सुचत नाही. कागद मधेच 'हं' म्हणत नाही, हा त्याचा मोठा गुण.

इकडे सगळं ठीक. गुडघा जिने चढताना कुरकुर करतो, उतरताना शिव्या देतो. दुकान आता दुपारपर्यंतच उघडं ठेवतो. दुरुस्तीला येणारे वजनकाटे बहुतेक बॅटरीवरचे असतात. त्यांत दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच, एक भाग काढायचा आणि दुसरा बसवायचा. परवा मात्र कोपऱ्यावरचा औषधवाला त्याच्या आजोबांचा जुना दोन पारड्यांचा काटा घेऊन आला. एका बाजूला केसभर कललेला होता. दोन तास त्यात मस्त गेले. शेजारीणबाई रोज संध्याकाळी कुंपणावरून माझी हजेरी घेतात. एखाद्या दिवशी दिसलो नाही तर दार फोडायला माणसं आणतील, अशी त्यांची तयारी आहे.

आता मुद्द्याचं. आईची राहून गेलेली पवनचक्की तू घरामागच्या चढावर बसवणार, असं लिहितेस. लहानशी, घरापुरती, बारा मीटरच्या खांबावर. वाऱ्याच्या नोंदींची आईची वही तू जाताना नेली होतीस, ती तू इंजिनिअरला दाखवलीस आणि तो म्हणाला की राहत्या घराजवळ एवढा वारा क्वचित मिळतो. पुढच्या महिन्यात खांब उभा करायचा. तू दोन आठवड्यांची रजा काढून येणार आणि इथेच राहणार. शेवटी लिहिलंस, 'बाबा, तेव्हा झालं नाही ते निदान आता होऊ दे.'

पत्र तीनदा वाचलं. हरकत घेणारा माणूस म्हणून या घरात माझं नाव आहेच. शिंक आली तरी मी आधी हरकत घेतो आणि मग शिंकतो, असं तुझी आई म्हणायची. तेव्हा त्या नावाला जागतो.

या पंख्याला (आपण घरात त्याला पंखाच म्हणायचो ना) आवाज असतो. शेजारीणबाई दुपारी दोन ते चार झोपतात आणि त्यांची झोप हा साधा विषय नाही. गेल्या वर्षी मी त्या वेळात कुंपणाला दोन खिळे ठोकले, त्याचा उल्लेख अजून होतो. मागच्या झाडावर पक्षी फार आहेत, ते पात्यांत सापडायचे. खांबासाठी पुरुषभर खड्डा खणायचा म्हणजे पाण्याच्या टाकीचा नळ तिथूनच जातो, तो फुटणार. आणि वर काही अडकलं तर चढणार कोण? माझं वय एकाहत्तर. दिवा बदलायला स्टुलावर चढलो तरी शेजारीणबाई स्टूल धरायला येतात आणि खालून सूचना देतात.

शिवाय आता वीज लागते कुणाला? आईचं ऑक्सिजनचं यंत्र ज्यांचं होतं ते घेऊन गेले. ते बंद पडू नये म्हणून तर पंखा हवा होता. आपलं घर विजेच्या तारेच्या अगदी टोकाला, आठवड्यातून दोनदा तरी वीज जायची आणि आपण घड्याळाकडे बघत बसायचो. आता गेली तर मी नुसता बसून राहतो. बंद पडून काही बिघडेल असं घरात काही उरलेलं नाही.

आईच्या तेराव्याला सगळ्यांसमोर तू म्हणालीस, 'तुम्ही वर्षभर वारा मोजत बसलात आणि आई गेली.' मला तुझा राग आला म्हणून गप्प राहिलो, असं मात्र समजू नकोस.

पंख्याचं विचार करून कळवतो. तुझी खोली झाडून ठेवली आहे. तिचा पंख्याशी संबंध नाही, सहज झाडली.

तुझा,
बाबा


शुक्रवार, १५ तारीख

चि. छटाक,

आशीर्वाद. तू माझ्यापेक्षा चांगली काटेवाली झाली असतीस. माझी एकेक हरकत पारड्यात घालून तू हलकी ठरवलीस. आवाज पानांच्या सळसळीएवढा, पक्ष्यांना धोका खिडकीच्या काचेएवढासुद्धा नाही, नळ दोन हात बाजूने वळवता येतो, आणि खांब तळाशी बिजागरीवर आडवा करता येतो म्हणजे चढायला नकोच. इंजिनिअरचं चार पानी टिपण मी वाचलं. माणूस नीट लिहितो, त्याच्यावर राग धरता येत नाही.

शेजारीणबाईंना तू थेट फोन केलास, हे मात्र फसवणुकीत मोडतं. त्या काल कुंपणावर येऊन म्हणाल्या, "माझी झोप एवढी नाजूक आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? खुशाल बसवा." खिळ्यांचं विसरल्या असाव्यात. मी विचारलं नाही.

पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, 'खरं कारण काय आहे, बाबा? आईची एकही गोष्ट या घरात उभी राहिलेली तुम्हाला नको आहे का?' ते वाचून मी दुकान बंद केलं आणि घरी आलो.

तुला वाटतं तसं नाही. तीस वर्षं तुझ्या आईने शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम केलं. दुसऱ्यांच्या प्रयोगांची भांडी मांडली, विसळली, पुसून कपाटात लावली. प्रयोग शिकवणाऱ्यांचे, निकाल मुलांचे, फुटलेल्या काचा हिच्या. पंख्याची गोष्ट निघाली तेव्हा मीच अडून बसलो की आधी वर्षभर वारा मोजायचा, मोजल्याशिवाय या घरात काही उभं राहणार नाही. मला वाटलं, ती चिडेल. ती तर हरखूनच गेली. चढावर बारीक खांब लावला, टोकाला तीन वाट्यांचं फिरणारं चक्र, तळाशी आकडा दाखवणारा डबा. दुसऱ्या दिवशी नवी वही आणून तिने स्वतःच्या हाताने रकाने आखले. झोपायच्या खोलीच्या भिंतीवर चौकटीचा कागद चिकटवला आणि रोज त्यावर एक ठिपका द्यायला लागली. म्हणाली, "तुमचे काटे तुम्ही सांभाळा, हा प्रयोग माझा आहे. इथे हात लावायचा नाही." साठाव्या वर्षी तिला पहिल्यांदा स्वतःचा प्रयोग मिळाला होता.

तो कागद अजून भिंतीवर आहे. मी काढलेला नाही.

तेव्हा बसव. माझी हरकत नाही. ये.

तुझ्या पलंगावर नवी गादी टाकली आहे, जुनी मधे खचली होती. खिडकीची कडी लागत नव्हती, ती बसवली. दोन आठवडे म्हणजे पूर्ण चौदा दिवस का? की जाण्यायेण्याचे दिवस त्यातच धरलेस? धरले असशील तर साहेबांकडे आणखी दोन मागून बघ. कामं कधी वेळेवर होत नाहीत, खड्डा भरून सिमेंट सुकायलाच आठ दिवस लागतात म्हणे. कुठल्या गाडीने येतेस ते कळव, मी स्टँडवर येईन. गुडघ्याचं काही ऐकणार नाही.

इंजिनिअर पुढच्या शनिवारी जागा आखायला येणार आहे.

वाट पाहतो.
बाबा


मंगळवार, २६ तारीख

चि. छटाक,

हे पत्र पोहोचायच्या आत तुला इंजिनिअरचा फोन आला असेल. खड्डा खणला नाही. मी थांबवला. का, ते त्याने तुला सांगू नये, मी सांगेन, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. मधे उठलो तर पुन्हा बसणं होणार नाही, म्हणून आज दुकान उघडलंच नाही.

तो शनिवारी आला. तरुण आहे, बोलायला गोड. चढावर चुना टाकून चौकोन आखला, दोरी लावली, मग माझ्याबरोबर दुकान बघायला आला. काटे बघत बघत म्हणाला, "काका, खरं तर मी लोकांच्या नोंदी धरत नाही. आमचं यंत्र महिनाभर लावून पुन्हा मोजतो. पण तुमच्या मुलीने सांगितलं, वडील काटे दुरुस्त करतात. म्हटलं, काटेवाल्याच्या घरची वही, तिथे काय तपासायचं?"

मी त्याला चहात साखर किती, ते विचारलं.

तो गेला. रविवार गेला. आता लिहितो.

आईच्या वहीतल्या पहिल्या साडेपाच महिन्यांच्या नोंदी खऱ्या आहेत. पुढच्या खोट्या आहेत. अक्षर शेवटपर्यंत तिचं आहे, पण ते आकडे माझे आहेत.

साडेचार महिने ती स्वतः चढावर जायची. ते दिवस वाऱ्याचे होते, सेकंदाला ४.८ मीटर, ५.१, कधी ५.५. मग तिला दम पुरेना. ऑक्सिजनच्या यंत्राची नळी मागच्या दारापर्यंतच पोहोचायची. तेव्हापासून सकाळी सातला मी जायला लागलो. डब्यावर आदल्या दिवसाची सरासरी दिसायची, ती वाचून बटण दाबलं की पुसली जायची आणि नवी मोजणी सुरू व्हायची. ती उशीला टेकून, वही मांडीवर घेऊन बसलेली असायची. मी दारात पाऊल टाकलं की विचारायची, "अहो, काल किती?"

पहिला महिना मी खरं सांगितलं. पण ऋतू पालटला होता आणि वारा पडला होता. २.४. १.९. २.२. ती लिहायची, ठिपका द्यायची आणि ठिपक्यांच्या त्या उताराकडे बघत राहायची. तक्रार नाही, काही नाही. न्याहारी तशीच राहायची.

एके दिवशी पहाटेपासून खोकून खोकून ती अर्धी झाली होती. डब्यावर २.१ होते. मी आत आलो आणि ४.१ म्हणालो.

"खरंच?" ती म्हणाली.

"काटेवाल्याला विचारतेस?" मी म्हणालो.

ती हसली. ठिपका दिला, आणि ताटली पुसून खाल्ली. एका आकड्याने काय होतं, असं मी मनाशी म्हटलं. हेच वाक्य दुकानात कुणी गिऱ्हाईक बोललं असतं तर मी त्याचा काटा त्याच्या हातात परत दिला असता.

दुसऱ्या दिवशी खरा आकडा सांगावा तर कागदावर एकदम खड्डा पडला असता. म्हणून तोही वाढवला. मग रोज चढ उतरता उतरता मी त्या दिवसाचा वारा तयार करायचो. कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त, खरा वाटेल असा. सलग दोन दिवस तोच आकडा सांगायचा नाही, हेही पाळलं. कामात मी नेहमीच चोख होतो, याही कामात झालो.

इथपर्यंत असतं तर मी तुला हे लिहिलं नसतं. आजारी बायकोला बरं वाटावं म्हणून नवरा खोटं बोलला, तू रागावली असतीस आणि सोडूनही दिलं असतंस. मी स्वतःलाही इतके दिवस एवढंच सांगत आलो.

मग तुझा फोन आला. तुझ्या घरातली तळमजल्यावरची खोली तू आईसाठी रिकामी केली होतीस, वीज कधी जात नाही, दवाखाना दहा मिनिटांवर, डॉक्टरांशी बोलून झालं होतं. आईने दोन दिवस विचार केला. मग मला माळ्यावरची बॅग काढायला लावली आणि निम्मी भरलीही. तुला ती नेहमी म्हणायची की मला घर सोडवत नाही. पण तिने बॅग भरली होती, हे तुला माहीत नाही. तिला यायचं होतं. निदान निम्मं तरी यायचं होतं.

ती मला म्हणाली, "हे बघा, सगळं यंत्रावर आहे. पंख्यावर ते चालणार असेल तर मी इथेच राहते. नसेल तर लेकीकडे जाऊ. तुम्हीही चला. या आठवड्याची सरासरी पाचाच्या वर आली तर राहायचं, खाली आली तर जायचं. आता वहीच ठरवेल."

मी म्हणालो, "ठीक."

त्या आठवड्यातला शेवटचा दिवस रविवार होता. डब्यावर १.९ होते. झाडाचं पान हलत नव्हतं. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. आजचा आकडा कशासाठी आहे, हे मला पुरतं माहीत होतं. तिच्या हसण्यासाठी नव्हता. मी आत गेलो आणि म्हणालो, "पाच पूर्णांक आठ."

तिने बेरीज केली, सातने भागलं. ५.२ आले. तिने ते दोनदा तपासलं. मग म्हणाली, "चला, सुटले. बॅगेतले कपडे काढून ठेवा." मी काढले. भराभर काढले. बॅग लगेच माळ्यावर टाकली, तिचं मन पालटेल म्हणून. त्याच दुपारी तिने तुला पत्र लिहिलं, 'इथला वारा चांगला आहे, मी इथेच राहते, काळजी करू नकोस.' ते पत्र पेटीत मी टाकलं. तेराव्याला तू ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलंस, तेव्हा मी खाली बघत होतो. तुला वाटलं, मला पाझर फुटत नाही.

का केलं, ते लिहायचं मी टाळतो आहे हे मला कळतंय. तुझ्या घरी मी काय केलं असतं? सकाळी उठून जायचं कुठे? पाहुण्यासारखा खुर्चीत बसून तुमच्या वेळा सांभाळायच्या, मुलांचे अभ्यास होईपर्यंत रेडिओ लावायचा नाही. चाळीस वर्षांचं दुकान सोडून मी कुणीच उरलो नसतो. आणि तिला एकटीला पाठवावं तर या घरात मी एकटा. मला दुकानही हवं होतं आणि तीही हवी होती. म्हणून मी वारा वाढवला. तिच्यासाठी नाही, छटाक. माझ्यासाठी.

पुढचे अकरा आठवडे ती आनंदात होती, हे खरं आहे. पण त्याचा आधार घ्यायची मला सोय नाही.

ती गेली त्या दिवशी दुपारी एक वाजता वीज गेली. बॅटरी दोन तास चालली. मग मी ठेवणीतली ऑक्सिजनची टाकी जोडली, ती चारच्या पुढे टिकली नाही. दवाखान्याची गाडी खालच्या वळणावर अडकली होती. मी तिला धरून बसलो होतो. ती म्हणाली, "एव्हाना पंखा बसला असता तर बरं झालं असतं, नाही?"

मी "हो" म्हणालो.

त्यानंतर ती बोलली नाही. पाच वाजता गेली. आमच्या चाळीस वर्षांच्या बोलण्यातला माझा शेवटचा शब्द तो, आणि तोही खोटा. खिडकीबाहेर धूळसुद्धा उडत नव्हती. डब्यावर त्या दिवशीचे १.२ निघाले. तीनाच्या खाली पंख्याची पाती जागची हलत नाहीत. पंखा असता तरी त्या दुपारी तो नुसता उभा राहिला असता. तुझ्याकडे असती तर मात्र वाचली असती. डॉक्टर मला म्हणाले होते, शहरात असत्या तर आणखी दोन वर्षं सहज काढली असती. मी तुला हे सांगितलं नव्हतं.

खरे आकडे माझ्याकडे आहेत. आमच्या धंद्यात प्रत्येक काट्याचं एक कार्ड असतं आणि त्यावर दोन ओळी लिहाव्याच लागतात, काटा आला तेव्हा किती दाखवत होता आणि गेला तेव्हा किती. माझा हात त्याशिवाय राहत नाही. रोज सकाळी तिला खोटं सांगून मी दुकानात जायचो आणि पहिलं काम म्हणजे कार्ड घेऊन त्यावर दोन आकडे लिहायचो, डब्यावरचा आणि तिला सांगितलेला. कुणासाठी लिहीत होतो, मला माहीत नाही. एकशे सत्तेचाळीस कार्डं आहेत. काल इंजिनिअरला बोलावून ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने अर्धा तास वाचली. मग म्हणाला, "काका, इथे पंखा वर्षातले आठ महिने फिरणार नाही." एवढंच बोलला आणि चढावर जाऊन आपली दोरी गुंडाळली. त्या सगळ्या कार्डांची नक्कल या पत्रासोबत पाठवतो आहे. वहीशेजारी ठेवून एकेक तारीख ताडून बघ. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

आणखी एक. मागच्या पत्रात मी 'बसव, ये' असं लिहिलं, तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. वाटलं होतं, पंखा उभा राहील, फिरेल न फिरेल, पण तू चौदा दिवस या घरात असशील. सकाळी तुझ्या चपला दाराशी दिसतील. एवढ्यासाठी मी तीच वही पुन्हा चालवायला निघालो होतो. आईला ठेवून घेतलं, तसं तुला बोलावून घेत होतो. गादी घेतली तेव्हासुद्धा मला ते कळत होतं.

आईला हे समजलं असेल का, असं कधी कधी मनात येतं. ती हुशार होती, कदाचित समजूनही गप्प राहिली असेल. तसं मानलं की रात्री झोप लागते. पण ते खरं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता. वहीच्या शेवटच्या पानावर तिने काय लिहिलंय ते तू वाचलंच असशील. 'निष्कर्ष: आपल्या घरी वारा पुरतो.' त्याखाली पूर्ण सही केली आहे. तीस वर्षांत तिने कुठल्याही प्रयोगाखाली सही केली नव्हती.

मी क्षमा मागत नाही. जिच्याकडे मागायची ती गेली, आणि तुझ्याकडे मागितली तर देण्या-न देण्याचं ओझं तुझ्यावर पडेल. रजा रद्द कर. पंखा नाही, म्हणजे इथे तुझं काही काम उरत नाही. ये असं लिहायला आज हात उचलत नाही, आणि येऊ नकोस असं लिहायला मन होत नाही. दोन्हीपैकी काहीच लिहीत नाही.

सात महिने तू माझ्यावर रागावलीस ती चुकीच्या गोष्टीसाठी, आणि मी ते चालू दिलं, कारण तो राग मला परवडत होता. आता खरी गोष्ट तुझ्याकडे आहे.

तुझ्या आईला तुझ्याकडे येऊ न देणारा,
बाबा